नोंदणी नसली तरी हस्तलिखित तुमचेच

पहिले पुस्तक लिहिणारे अनेक जण हस्तलिखित कोणालाही दाखवत नाहीत, कारण कॉपीराइटची नोंदणी किंवा आयएसबीएन मिळाल्याशिवाय लेखनावर आपला हक्क नसतो, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःचे लेखन कागदावर किंवा संगणकावर उतरताच त्यावरील हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक असून वाद उद्भवल्यास प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. आयएसबीएन हा तर पुस्तकाच्या विशिष्ट आवृत्तीची ओळख पटवणारा १३ अंकी क्रमांक आहे.

कल्पनेचे मात्र निराळे आहे. नुसत्या कथाकल्पनेवर कोणाचाही कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले; संरक्षण मिळते ते प्रत्यक्ष मांडणीला, म्हणूनच मनात जपलेल्या कथानकापेक्षा लिहून काढलेले प्रकरण अधिक सुरक्षित असते. माझ्या मते कित्येक पहिली पुस्तके लेखन चोरीला जाईल या भीतीपायी कोणालाही न दाखवल्यानेच अर्धवट राहतात, कारण कथा नेमकी कुठे रेंगाळते हे लेखकाला एकट्याने क्वचितच उमगते. पूर्ण झालेली प्रकरणे विश्वासू वाचकाला ई-मेलने निःशंकपणे पाठवावीत. त्यातून तारखेची नोंदही आपोआप राहते.