स्टार कासव "काही त्रास देत नाही", कारण ते आजारी असतं

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं छोटं कासव मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये अजूनही दिसतं. घरात कासव असलं की लक्ष्मी येते असं कोणीतरी सांगितलेलं असतं, मग ओळखीतून गुपचूप आणलं जातं. कसं आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो काही त्रास नाही, कोपऱ्यात पडून असतं." मला हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण असं पडून राहणं हेच बऱ्याचदा आजाराचं लक्षण असतं.

हे स्टार कासव गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातलं, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूच्या झुडपी रानातलं, शिवाय पाकिस्तान आणि श्रीलंकेतलं. गवत, फुलं, खाली पडलेली फळं खात हिंडतं, पावसाळ्यात तर जास्तच. जमिनीवरचा प्राणी आहे, पोहता येत नाही, तरी लोक त्याला पाण्याच्या टबात ठेवतात, कारण कासव म्हटलं की पाणी हे डोक्यात पक्कं बसलेलं.

पण खरा घोळ उन्हाचा आहे. कवच म्हणजे त्याचा सांगाडाच, मणका आणि बरगड्या पसरून जुळलेल्या आणि वर नखासारखा केराटिनचा थर. या हाडांना कॅल्शियम लागतं, ते आतड्यातून शोषायला डी-३ जीवनसत्त्व लागतं आणि डी-३ कातडीत बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांमुळे. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणजे फरशीवरच्या कवडशात बसून त्याला ऊब मिळते पण डी-३ मिळत नाही. त्यात आपण काकडी-टोमॅटो घालतो ज्यात कॅल्शियम नावालाच, नाहीतर पालक घालतो ज्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य जे काही कॅल्शियम असेल तेही अडकवून ठेवतं. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की शरीर ते हाडांमधून ओढून घेतं, कारण हृदय आणि स्नायू त्याशिवाय चालत नाहीत. हळूहळू कवच इतकं मऊ होतं की अंगठ्याने दाबलं तर आत जातं, जबडा वाकडा होतो, मागचे पाय फरफटत येतात.

शरीराचा सगळा कारभारच संथ असल्यामुळे हे व्हायला महिनोन् महिने लागतात, आणि तोवर घरच्यांना वाटतं छान चाललंय. सर्दीचंही तेच. नाकातून बुडबुडे येत असतील तर तो शेंबूड समजून पुसत बसू नका, कासवाला आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा, नसतो, जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, तो फुप्फुसात साचून न्यूमोनिया होतो.

त्यात हे बहुतेक वेळा रानातूनच पकडून आणलेलं असतं, कधी पाय चिकटपट्टीने बांधून, बॅगेत कोंबून, पाण्याशिवाय. या ताणाने प्रतिकारशक्ती ढासळते आणि रानात सहज निभावून जाणारे पोटातले जंत इथे डोईजड होतात. २०१५ च्या एका अभ्यासात भारतातल्या एकाच व्यापार केंद्रातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं रानातून उचलली जातात असं दिसलं, आणि एकच केंद्र हं हे! २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला परिशिष्ट १ मध्ये टाकलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी. आपल्याकडे तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते घरात ठेवणंच गुन्हा आहे.

कोणाकडे असेल तर बागेत किंवा टेकडीवर सोडून देऊ नका प्लीज. गुजरातकडची कासवं आणि दक्षिणेकडची कासवं जनुकीयदृष्ट्या वेगळी आहेत, कोणतं कुठलं हे बघून नेहमी ओळखता येत नाही, म्हणजे ते भलत्याच ठिकाणी सोडलं जाऊ शकतं, शिवाय घरात लागलेला आजार रानातल्या कासवांपर्यंत जातो. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा, आणि ते लोक येईपर्यंत त्याला कोरड्या, उबदार खोक्यात ठेवा, टबात नको.