‘विअर्ड’ या शब्दाचे स्पेलिंग असे का?

चमत्कारिक, चक्रावून टाकणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘विअर्ड’ म्हणतात. अक्षरे पाचच: डब्ल्यू, ई, आय, आर, डी. चुकते ती मधली जोडी. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे लोकही ‘आय’ आधी लिहून मोकळे होतात, आणि त्यामागे निष्काळजीपणा नसतो, तर शाळेत पाठ केलेला नियम असतो. तो नियम असा: ‘आय’ आधी, ‘ई’ नंतर, फक्त ‘सी’च्या मागोमाग आल्यास उलट. ‘बिलीव्ह’, ‘फील्ड’, ‘चीफ’ यांत ‘आय’ आधी येतो; ‘रिसीव्ह’ आणि ‘सीलिंग’ यांत ‘सी’ असल्यामुळे ‘ई’ आधी येते. ‘विअर्ड’मध्ये ‘सी’ नाही, तरीही ‘ई’च आधी.

हा नियम मुळात तोकडा आहे. ही दोन अक्षरे मिळून ‘ई’सारखा उच्चार होत असेल तेवढ्यापुरताच तो चालतो. ‘हाइट’, ‘नेबर’, ‘फॉरिन’ हे शब्द त्याच्या कक्षेतच येत नाहीत. पण ती अट लावूनही ‘सीझ’, ‘प्रोटीन’, ‘कॅफीन’ आणि ‘विअर्ड’ बाहेर उरतात. अशा शब्दांची ‘अपवाद’ म्हणून घोकंपट्टी करण्यापेक्षा प्रत्येकाचे कारण पाहिलेले बरे. ‘प्रोटीन’ हा शब्द १८३८ साली छापून आला. ‘प्रथम दर्जाचे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाला रसायनांच्या नावांत येणारा ‘इन’ हा प्रत्यय जोडून तो बनवला होता. त्यातली ‘ई’ मूळ शब्दाची आणि ‘आय’ प्रत्ययाचा. मधे सांधा आहे, म्हणून क्रम बदलता येत नाही. ‘विअर्ड’चे कारण याहून जुने आहे आणि ते स्कॉटलंडमध्ये सापडते.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या भाषेत, हे विशेषण नव्हतेच. ते नाम होते आणि त्याचा अर्थ होता नियती. स्पेलिंग डब्ल्यू, वाय, आर, डी. त्यातल्या ‘वाय’चा उच्चार आज इंग्रजीत उरलेला नाही: जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करायचा, की तो स्वर निघतो. हा स्वर आला कुठून? त्याच्याही आधीचे रूप ‘वुर्दिझ’ असे होते. ते कुठे लिहिलेले सापडत नाही. भगिनीभाषांची तुलना करून ते पुन्हा उभे केले आहे, आणि अशा रूपांवर भाषाशास्त्रज्ञ तारकाचिन्ह लावतात. शेवटच्या ‘इ’ने आधीच्या ‘उ’ला आपल्याकडे, तोंडाच्या पुढच्या भागाकडे ओढले आणि नंतर ती स्वतः गळून गेली. ‘फुट’चे अनेकवचन ‘फीट’ आणि ‘माउस’चे ‘माइस’ होते, तेही असेच गळून गेलेल्या ‘इ’मुळे.

आणखी मागे गेलो की आपण आपल्याच अंगणात येतो. इंग्रजी, लॅटिन आणि संस्कृत या एकाच मूळ भाषेतून निघाल्या, आणि या शब्दाचा तिथला धातू संस्कृतात ‘वृत्’ झाला: वळणे, फिरणे, आणि त्यावरून असणे, घडणे. वर्तन, वर्तमान, परिवर्तन, वर्तुळ, निवृत्ती हे त्याचे तत्सम शब्द आपण रोज वापरतो. ‘वाट’ ही ‘वर्त्मन्’पासून झिजून आली, ‘वाटोळा’ हा ‘वर्तुल’पासून. लॅटिनमध्ये याच धातूचा ‘वर्तेरे’ झाला, आणि त्यातून इंग्रजीत ‘व्हर्जन’, ‘कन्व्हर्ट’, ‘युनिव्हर्स’ आले. वळणे ते घडणे, घडणे ते घडणारच असलेले, म्हणजे नियती, असा अर्थाचा प्रवास झाला. मराठीला यात काही नवल वाटू नये. आपण भविष्य ‘वर्तवतो’, ते याच धातूने.

आपल्या ‘वर्त्’मधला ‘त’ इंग्रजीत ‘ड’ कसा झाला, हे कोडे मात्र बरीच वर्षे सुटत नव्हते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम याने १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुळातल्या भाषांत मूळ ‘त’चा ‘थ’ व्हायला हवा. जुन्या इंग्रजीत ‘होणे’ या क्रियापदात तो तसा झालाही, पण त्याच क्रियापदाच्या भूतकाळाच्या अनेकवचनात आणि नियतीवाचक नामात ‘द’ दिसत होता. डॅनिश अभ्यासक कार्ल व्हर्नर याने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उलगडा केला: मूळ भाषेत आघात या व्यंजनाच्या लगेच आधीच्या स्वरावर असेल तर ‘थ’ टिकतो, नसेल तर तो मृदू होऊन पुढे ‘द’ होतो. आघात मुळात कुठे होता हे ठरवायला व्हर्नरला वैदिक संस्कृतातले उच्चारातले चढउतार, म्हणजे उदात्त-अनुदात्त, फार उपयोगी पडले. जर्मानिक भाषांचे कोडे सोडवण्यात उदात्त-अनुदात्ताने एवढी मोठी कामगिरी करावी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर पान वाटते.

उत्तर युरोपच्या नॉर्स पुराणकथांत तीन नियतिदेवता आहेत: उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्ड. ‘उर्द’ म्हणजे ‘वुर्दिझ’चेच नॉर्स रूप, सुरुवातीचा ‘व’ गळलेले. ‘वेर्दांदी’ हे ‘होणे’ या क्रियापदाचे वर्तमानकालवाचक धातुसाधित, म्हणजे ‘होत असलेली’. आपला ‘वर्तमान’ हा शब्दही त्याच धातूचे तसेच धातुसाधित आहे.

इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने हा शब्द नियतिदेवतांसाठी वापरला, पण नंतर दक्षिणेत तो मागे पडत गेला. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये तो टिकला. तिथल्या लेखनात एक सोय रूढ होती: स्वर दीर्घ आहे हे दाखवायला त्याच्यापुढे ‘आय’ लिहायचा. म्हणून स्कॉट्स भाषेत डोक्याला ‘हीद’ म्हणतात आणि ते एच, ई, आय, डी असे लिहितात. ‘विअर्ड’मधली ‘ई-आय’ ही जोडी त्याच पद्धतीची. मुख्य स्वर ‘ई’. ‘आय’ ही जणू तिची दीर्घ मात्रा. क्रम उलटा केला तर मात्रा अक्षराच्या आधी लागते.

दक्षिणेत हा शब्द परतला तो स्कॉटलंडच्या राजाच्या गोष्टीतून. इतिहासकार हॉलिन्शेडच्या १५७७ च्या बखरीत मॅकबेथला भेटणाऱ्या तिघींना ‘विअर्ड सिस्टर्स’ म्हटले आहे, आणि त्या म्हणजे नियतीच्या देवता असा खुलासाही लगेच दिला आहे. शेक्सपिअरने तिथून त्या आपल्या ‘मॅकबेथ’ नाटकात घेतल्या. मात्र त्याच्या नाटकांच्या १६२३ च्या छापील संग्रहात आजचे स्पेलिंग एकदाही नाही. तिथे ‘वेवर्ड’ आणि ‘वेयर्ड’ अशी रूपे छापली आहेत. ‘वेवर्ड’ म्हणजे हट्टी, आडमुठी. हॉलिन्शेडचा आधार घेऊन ‘विअर्ड’ हा पाठ पुन्हा बसवला तो शेक्सपिअरच्या नाटकांचा संपादक लुईस थिओबाल्डने, १७३३ च्या आवृत्तीत.

पण तोवर नियती हा अर्थ विसरला गेला होता. वाचकासमोर होत्या तीन भयाण, दाढीवाल्या चेटकिणी. ‘विअर्ड’ हे त्यांच्या रूपाचे वर्णन असणार अशी समजूत झाली आणि विशेषणाचा अर्थ ‘नियती ठरवणारा’ यावरून ‘अद्भुत, अनैसर्गिक’ याकडे सरकला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेली आणि कीट्स यांनी तो कवितेत असाच वापरला, आणि पुढे बोलीत तो नुसता ‘विचित्र’ एवढ्यावर आला.

आजही त्यात थोडी अस्वस्थता उरली आहे. ‘स्ट्रेंज’ म्हणजे मुळात बाहेरचा, परका. ‘ऑड’ म्हणजे जोडीत न बसणारा, म्हणूनच विषम संख्येलाही तोच शब्द. ‘विअर्ड’ म्हटले की काहीतरी खटकते, उलगडत नाही. सूर अनौपचारिक आहे. अहवालात किंवा अर्जात ‘अनयुज्वल’ लिहावे. माणसाला थेट ‘विअर्ड’ म्हणणे बहुतेक वेळा त्याला लागते.

उच्चारताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. मराठी ‘व’ खालचा ओठ दातांजवळ नेऊन होतो. इथे दात दूर ठेवून ओठ गोल करायचे. आणि ‘इ’ स्पष्ट हवी, नाहीतर ‘शब्द’ या अर्थाचा ‘वर्ड’ ऐकू येतो. लिहिताना पहिली दोन अक्षरे ‘आम्ही’ या अर्थाच्या ‘वी’ या शब्दाची आहेत एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. ‘आय’ आधी घातला तर संगणकाचा स्पेलिंग-तपासनीस चूक दाखवतो. पण घाईत ‘ई’ सरकून ‘आर’च्या पुढे गेली तर ‘वायर्ड’ हा खराखुरा शब्द तयार होतो, आणि त्याखाली बहुधा लाल रेघ येत नाही.