प्रथिननिर्मिती शिकवण्याच्या प्रयोगांची पार्श्वभूमी

पेशी प्रथिने कशी तयार करते हा धडा पाठ करणे सोपे, पण डोळ्यांपुढे आणणे अवघड आहे, कारण त्यात सारे काही एकाच वेळी हलत असते. डीएनएवरील मजकुराची नक्कल संदेशवाहक आरएनएत उतरते, रायबोसोम (प्रथिने जोडणारे पेशीतील यंत्र) ती तीन-तीन अक्षरांनी, म्हणजे आरएनएतील रासायनिक एककांनी, वाचत पुढे सरकतो आणि वाहक आरएनएने आणलेली अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, एकामागून एक साखळीत गुंफली जातात. हे खेळातून शिकवण्याची कल्पना शिक्षकांना सुचण्याआधी खेळकरपणा संशोधनातच होता.

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव्ह यांनी 1954 मध्ये ‘आरएनए टाय क्लब’ सुरू केला, तेव्हा 20 अमिनो आम्लांसाठी 20 सभासद ठरवून प्रत्येकाच्या नावे एकेक आम्ल लावले होते. फ्रान्सिस क्रिक यांनी 1955 मध्ये याच सभासदांसाठी लिहिलेल्या टिपणात असा तर्क मांडला की आरएनएची अक्षरे आणि अमिनो आम्ल यांच्यामध्ये एक जोडणारा रेणू असला पाहिजे; तोच वर सांगितलेला वाहक आरएनए. एका हातात तीन अक्षरांचे कार्ड आणि दुसऱ्या हातात अमिनो आम्लाऐवजी रंगीत मणी घेऊन वर्गात उभा राहणारा विद्यार्थी नेमका हाच तर्क वठवत असतो.

अक्षरे तीनच का, याचा पुरावा 1961 मध्ये क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूभक्षी विषाणूवरील प्रयोगांतून दिला. एक किंवा दोन अक्षरे वाढली की जनुक निकामी होत असे, तीन वाढली की ते बहुधा पुन्हा काम करू लागे. हे समजावण्यासाठी मराठीत ‘मदन कमळ उचल’ एवढे वाक्यही पुरते. त्यातील ‘द’ खोडून उरलेली अक्षरे पुन्हा तीन-तीनने वाचली की ‘मनक मळउ चल’ हाती येते, आणि एका अक्षराच्या लोपाने पुढचा सारा मजकूर का बिघडतो हे विद्यार्थ्याला स्वतःच्या जिभेवर कळते. याहून स्वस्त आणि अचूक साधन माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच वर्षी मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी पहिला संकेत, म्हणजे कोणती तीन अक्षरे कोणते अमिनो आम्ल सुचवतात हे, उलगडला. 1966 पर्यंत हरगोविंद खुराना आणि इतरांच्या कामातून 64 संकेतांचा तक्ता पूर्ण झाला. हा तक्ता पाठ्यपुस्तकांत गेला आणि एक चालती क्रिया चौकटींत थिजली. म्हणूनच 1971 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेला प्रयोग मला मोलाचा वाटतो. जैवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग यांनी फळ्यापाशी विषय समजावून दिला आणि मग मोकळ्या मैदानावर विद्यार्थ्यांच्या मोठ्या समूहाने संगीताच्या तालावर ती क्रिया नाचून दाखवली. त्याचे चित्रीकरण पुढे अनेक वर्गांतून दाखवले गेले.

रायबोसोमची सविस्तर रचना 2000 च्या सुमारास हाती आली, त्यासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि एडा योनाथ यांना 2009 चे नोबेल मिळाले, आणि संगणकावरील चलच्चित्रे पुष्कळ रेखीव झाली. तरी नृत्य काय किंवा चलच्चित्र काय, दोन्हींत योग्य रेणू जणू बोलावल्यासारखा नेमक्या जागी येतो. पेशीत तसे घडत नाही. तिथे रेणूंची सतत धडकाधडक चालते, न जुळणारे वाहक येऊन परत फिरतात, आणि तरीही जिवाणूंत सेकंदाला 15 ते 20 अमिनो आम्ले जोडली जातात. कार्डांचा खेळ घेताना निम्म्या विद्यार्थ्यांना मुद्दाम न जुळणारी कार्डे देऊन कुणीही केव्हाही रायबोसोमपाशी जावे असे सांगितले, तर ही नकाराची पायरीही वर्गात दिसू शकते.