चारकोलच्या चित्रावर ॲक्रिलिक का नको?

फ्रेममध्ये काचेऐवजी ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा, पत्राही बसवतात. ‘काच फुटते, ॲक्रिलिक फुटत नाही, तेव्हा मोलाच्या चित्राला ॲक्रिलिकच लावा,’ असा सल्ला सर्रास मिळतो. छापील चित्राला तो लागू पडतो. चारकोल, सॉफ्ट पेस्टल किंवा मऊ पेन्सिलीच्या गडद चित्राला मात्र साधं ॲक्रिलिक घातक ठरू शकतं.

तैलरंगाचे कण वाळलेल्या तेलात पक्के अडकलेले असतात. चारकोल म्हणजे जळलेल्या काडीची पूड. ती कागदाच्या खरखरीत तंतूंवर नुसती टेकलेली असते. पेस्टलमध्ये थोडा डिंक असतो, पण तो कांडी एकसंध राहण्यापुरताच.

आता ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसा. घर्षणाने त्यावर विद्युत प्रभार साचतो आणि ते विसंवाहक असल्याने तो लवकर निघून जात नाही. काचेवर हवेतल्या बाष्पाचा अतिशय पातळ थर असतो, त्यातून प्रभार झिरपून जातो. म्हणूनच कोरड्या हवेत हा त्रास वाढतो.

पण कोळशाच्या कणावर तर प्रभार नसतो, मग तो ओढला का जातो? कंगव्याकडे कागदाचे कपटे झेपावतात ते ध्रुवीकरणामुळे, हे शाळेत शिकलेलं असतं. इथे त्याहून जास्त काही घडतं. कागदात थोडा ओलावा असतो, म्हणून तो किंचित वाहक असतो. ॲक्रिलिकवरच्या प्रभारामुळे कागदातून कणावर विरुद्ध प्रभार चढतो आणि कण वर खेचला जातो. मूळ प्रभार धन असो वा ऋण, ओढ कायमच.

सगळे कण उडत नाहीत, आणि मला यातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. कणाचं वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतं, विद्युत ओढ वर्गाच्या आणि कणाला कागदाशी धरून ठेवणारं रेणूंमधलं आकर्षण साधारण त्रिज्येच्याच प्रमाणात. त्यामुळे अतिसूक्ष्म कणांना कागद सोडत नाही, चित्र आडवं असेल तर मोठ्यांना वजन खाली ठेवतं. धोका असतो तो मधल्यांना.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, जाड केला की भागेल, असंही नाही. मोठ्या, सारख्या प्रभारित पत्र्याचं विद्युत क्षेत्र काही मिलिमीटर अंतराने फारसं कमी होत नाही. माउंट हवाच, पण वेगळ्या कारणासाठी: काच चित्राला टेकली तर रंग फासतो आणि दमट हवेत बुरशी धरते. माउंटखाली पट्ट्या देऊन खाच ठेवली, तर गळणारी पूड नजरेआड पडते. हलकं वजन हवंच असेल, तर प्रतिस्थितिक (प्रभार साचू न देणारा) लेप असलेलं महागडं ॲक्रिलिक मिळतं.

फिक्सेटिव्ह, म्हणजे कण चिकटवून ठेवणारा फवारा, मारला की झालं? त्याचं राळेसारखं द्रव्य कणांमधल्या हवेची जागा घेतं, प्रकाशाचं विकिरण घटतं आणि पेस्टलचा मखमली फिकेपणा काळवंडतो. फ्रेंच चित्रकार देगा पेस्टलच्या थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह वापरत असे, ते रंग एकावर एक चढवता यावेत म्हणून.

‘९९ टक्के अतिनील किरण रोखते, रंग कधीच उडणार नाही’ ही काचेची जाहिरात अर्धीच खरी आहे. दृश्य प्रकाशही रंग फिके करतो. म्हणून संग्रहालयं कागदावरच्या चित्रांसाठी सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच मंद उजेड ठेवतात. चारकोल शुद्ध कार्बनच्या जवळचा, त्याचा रंग उडत नाही. पिवळा पडतो तो खालचा कागद, आणि लिग्निन (लाकडातलं एक द्रव्य) असलेला स्वस्त माउंट लावला तर आणखी लवकर. माउंट आम्लमुक्त आहे का, हे फ्रेम करणाऱ्याला आधी विचारा, आणि तयार चित्र नेताना ते आडवं, तोंड वर करून धरा.