दोन सर्व्हरच्या टोलवाटोलवीत सापडलेला मेल

मेल पाठवला आणि थोड्या वेळाने तो परत आला. सोबत एक इंग्रजी ओळ: 'हॉप काउंट एक्सीडेड, पॉसिबल मेल लूप', म्हणजे टप्प्यांची मर्यादा ओलांडली, बहुधा मेल गोल फिरतोय. पत्ता नीट तपासला, इंटरनेटही चालू आहे. मग अडलं कुठे? खरं तर मेल कुठेच अडला नव्हता. दोन सर्व्हर तो एकमेकांकडे ढकलत बसले होते.

हा प्रकार हमखास होतो तो ऑफिसचे मेल जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर हलवताना. काही मेलबॉक्स नव्या जागी गेलेले असतात, काही अजून जुन्या जागी. म्हणून क्लाउडला सांगून ठेवतात की आपल्या डोमेनचा (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचा) जो पत्ता तुझ्याकडे सापडणार नाही, त्याचा मेल जुन्या सर्व्हरकडे दे. जुन्यालाही उलट बाजूने तेच सांगितलेलं असतं. मग एखादी व्यक्ती नोकरी सोडते आणि तिचं खातं दोन्हीकडून काढून टाकलं जातं. आता तिच्या नावाने आलेला मेल क्लाउड जुन्याकडे देतो आणि जुना पुन्हा क्लाउडकडे. दोघेही दिलेला नियम तंतोतंत पाळत असतात, म्हणूनच एकेकट्याची सेटिंग कितीही तपासली तरी दोष दिसत नाही.

ही फेरी थांबते ती एका जुन्या, साध्या नियमामुळे. जुन्या काळी पाकिटावर वाटेतल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के बसत, तसा मेल हाताळणारा प्रत्येक सर्व्हर त्याच्या माथ्यावर 'रिसीव्ड' अशी एक ओळ जोडतो: कोणाकडून आला, कोणी घेतला, किती वाजता. या ओळी मोजल्या की मेल किती हातांतून गेला ते कळतं. मर्यादा ओलांडली की सर्व्हर तो नाकारतो. पोस्टफिक्स आणि एक्झिम ही मेल सर्व्हर चालवणारी सॉफ्टवेअर. कोणी बदलली नसेल, तर ही मर्यादा पोस्टफिक्समध्ये ५० असते, एक्झिममध्ये ३०. २००८ सालच्या 'आरएफसी ५३२१' या ईमेलच्या मानकात मात्र ती किमान १०० ठेवावी असं सुचवलं आहे, कारण सरळमार्गी मेललाही कधी लांबचा वळसा पडतो.

दोष शोधायलाही याच ओळी कामी येतात. परत आलेल्या मेलचे हेडर, म्हणजे माथ्यावरचा हा तपशील, उघडा आणि खालून वर वाचा, कारण सर्वांत नवी ओळ सगळ्यात वर असते. खालच्या एक-दोन ओळींत पाठवणाऱ्याचे सर्व्हर दिसतील. त्यानंतर तीच दोन नावं आलटून पालटून येऊ लागली की गुन्हेगार जोडी सापडली.

'मेल पोचला नाही' ही सूचनाही अशीच फिरत राहिली तर? म्हणून ती पाठवताना प्रेषकाचा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवतात. ती पोचली नाही, तर तिच्याबद्दल आणखी सूचना निघत नाही. केवढी दूरदृष्टी आहे यात! रजेवर असल्याचं कळवणाऱ्या आपोआप उत्तरांसाठीही २००४ च्या 'आरएफसी ३८३४' मध्ये शिफारस आहे: एकाच माणसाला तेच उत्तर सात दिवसांत पुन्हा पाठवू नये.

लूप दिसला की काही जण मर्यादेचा आकडाच वाढवतात. त्याने फेऱ्या तेवढ्या वाढतात. खरा उपाय म्हणजे दोघांपैकी एका सर्व्हरला त्या डोमेनचा अंतिम अधिकार देणं, म्हणजे अनोळखी पत्त्याचा मेल तो पुढे ढकलणार नाही, तिथेच नाकारेल. मात्र त्याआधी दुसरीकडे उरलेले सगळे पत्ते त्याच्या यादीत आहेत ना, हे पाहून घ्यावं; नाहीतर चालू खात्यांचे मेलही परत जातील. बदल झाला की डोमेनवरच्या एखाद्या अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर बाहेरून मेल टाकून पाहा. 'असा पत्ता नाही' या अर्थाचा ५.१.१ हा कोड आला, तर लूप तुटला.