तीन हंगामांत क्वार्टरबॅक कळतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक समज घट्ट बसलाय: तीन हंगामांत चमकला नाही तर क्वार्टरबॅक (पास टाकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) वाया गेला. हा आकडा खेळातून कमी आणि करारातून जास्त आलाय. एनएफएल लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारापासून, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारातलं पाचवं वर्ष घ्यायचं की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर ठरवावं लागतं. म्हणजे मुदत हिशेबनीसाची!

क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्ड घ्या. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला, न्यूयॉर्क जेट्स संघाकडून १३ विजय, २५ पराभव, आणि २०२१ मध्ये रवानगी. २०२४ मध्ये त्याच गड्याने मिनेसोटा संघाला १४ सामने जिंकून दिले, ३५ टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास टाकले. जेट्समध्ये त्याने दोन मुख्य प्रशिक्षक पाहिले. मिनेसोटात पास झेलायला समोर जस्टिन जेफरसनसारखा अव्वल रिसीव्हर होता. जय-पराजय एकट्याच्या खात्यावर टाकणं मुळातच चूक.

मग पाहायचं काय? बफेलोचा क्वार्टरबॅक जोश ॲलनचे अचूक पास २०१८ मध्ये ५२.८ टक्के, पुढे ५८.८, मग ६९.२. ही चढती रेघ महत्त्वाची (अर्थात तिसऱ्या वर्षी पास झेलायला स्टेफॉन डिग्जही आला होता). दुसरं म्हणजे सॅक, पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं जाणं. सगळा दोष लाइनचा (त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीचा) नसतो; चेंडू कवटाळून बसणारा क्वार्टरबॅक संघ बदलला तरी आपटतोच.

पण थांबलं की फळ मिळतंच, असंही नाही. त्याच २०१८ च्या तुकडीतला जोश रोझेन ॲरिझोनाने वर्षभरात सोडला, आणि तो पुढे कुठेच रुजला नाही; तिथे न थांबणंच बरोबर ठरलं.