सूचनेतला एक शब्द बदलला, की मेंदूत काय बदलतं?

'दोन दिवसांत संमोहनतज्ज्ञ व्हा, प्रमाणपत्र मिळवा' अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या दिसतात. त्यांत लंबक असतो, रोखलेले डोळे असतात, हुकमी आवाज असतो. संमोहनोपचाराचं खरं प्रशिक्षण मात्र मुख्यतः भाषेचं असतं. कोणता शब्द वापरायचा, कुठे थांबायचं, कोणती गोष्ट सांगायची, हे तिथे शिकावं लागतं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांनी १९६६ साली एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. कर्करोगाने जर्जर झालेला हा माणूस फुलांच्या व्यवसायातला होता आणि संमोहनाचं नावही त्याला नको होतं. एरिक्सन त्याच्याशी टोमॅटोच्या रोपाबद्दल बोलत बसले. बी रुजतं, पाऊस पडतो, रोप सावकाश वाढतं. या साध्या वर्णनात आराम, शांतता, स्वस्थता असे शब्द ते किंचित वेगळ्या सुरात पेरत गेले. त्याच्या वेदना कमी झाल्या, असं त्यांनी नोंदवलं आहे. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण पुढे प्रयोगशाळेत जे दिसलं, ते मला विलक्षण वाटतं.

१९९७ साली पिअर रेनव्हिल आणि मॉन्ट्रियलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी संमोहित स्वयंसेवकांना चटका बसेल इतक्या गरम पाण्यात हात घालायला लावून त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग किती सक्रिय आहे, हे दाखवणारी चित्रं) घेतले. संमोहनात त्यांना दिलेली सूचना वेदनेच्या त्रासदायकपणाबद्दल होती: तो वाढेल किंवा कमी होईल. पाणी तेवढंच गरम, पण सूचनेप्रमाणे मेंदूच्या अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागातली सक्रियता बदलली. वेदना किती छळते, याच्याशी या भागाचा संबंध आहे. संवेदना नोंदवणाऱ्या प्राथमिक कॉर्टेक्समध्ये मात्र तसा बदल दिसला नाही. २००१ साली याच गटाने सूचनेचा रोख बदलला. आता ती वेदनेच्या तीव्रतेबद्दल होती, आणि या वेळी बदल संवेदनेच्या प्राथमिक कॉर्टेक्समध्ये दिसला! म्हणजे 'दुखणं कमी होतंय' आणि 'दुखतंय, पण त्याचा त्रास वाटत नाही' ही दोन वाक्यं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. प्रशिक्षणात एकेका वाक्यावर एवढा खल का करतात, ते यावरून कळावं.

यात वशीकरण नाही आणि पूर्वजन्मही नाही. 'मागच्या जन्मात' नेणाऱ्या सत्रांत जे दिसतं, ते कल्पनेने रचलेलं असतं. संमोहनात आठवणी जास्त अचूक होत नाहीत, उलट खोट्या आठवणींवरचा विश्वास वाढू शकतो. शिवाय सगळे सारखे संमोहित होत नाहीत. ही क्षमता मोजणारी स्टॅनफर्ड श्रेणी १९५९ पासून वापरात आहे.

अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल हिप्नोसिस ही संस्था एरिक्सन यांच्या पुढाकाराने १९५७ साली स्थापन झाली. तिचं प्रशिक्षण डॉक्टर, दंतवैद्य, मानसशास्त्रज्ञ अशा आरोग्य व्यावसायिकांसाठी आहे. आपल्याकडेही हाच दंडक हवा. दाढेचं दुखणं सूचनेने हलकं होऊ शकतं. दाढेखालचा पू तसाच राहतो, आणि तो ओळखायला आधी दंतवैद्यकच शिकलेलं असावं लागतं.